‘वाचलं नाही’ म्हणायला वर्गात जागा ठेवा

ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत मराठी वाङ्मय शिकवणाऱ्या प्राध्यापकांना खुलं पत्र

सर, मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेव विभागात काम करते. तुम्ही नेमलेल्या कादंबरीच्या प्रती मुलांच्या हातात जातात त्या माझ्या खिडकीतून, आणि परत येतात त्याही तिथूनच. गेल्या सत्राच्या शेवटी ग्रंथालय समितीच्या बैठकीत एक सूचना आली. ग्रंथचर्चेच्या तासाला मुलं पुस्तक न वाचताच बोलतात; तेव्हा पुस्तक कोणी नेलं आणि कोणी नेलं नाही याची यादी ग्रंथालयाने प्राध्यापकांना द्यावी, आणि न नेलेल्यांचे सहभागाचे गुण कापावेत. ऐरोली-वाशीकडे काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळलं की तिथेही हीच मागणी होते आहे. म्हणून हे पत्र एका विभागाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते. कृपा करून ती यादी मागू नका. मुलं न वाचता बोलतात ही तुमची तक्रार खरी आहे. ती खोडून काढायला मी बसलेली नाही. पण त्यावरचा उपाय माझ्या नोंदवहीत नाही, तुमच्या तासात आहे.

आमच्याकडे ग्रंथचर्चा वाचनकक्षातच होते. मी टेबलाशी असते, मधे फक्त नियतकालिकांचा रॅक. चर्चेतलं प्रत्येक वाक्य ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याने पुस्तक नेलंय की नाही हेही बहुतेक वेळा ठाऊक असतं. मुलं कशी निभावून नेतात ते त्यामुळे जवळून पाहायला मिळतं. पहिला बोलणारा मलपृष्ठावरचा मजकूर स्वतःच्या शब्दांत सांगतो. दुसरा ‘मी याच्याशी सहमत आहे, फक्त थोडी भर घालतो’ म्हणत तेच फिरवून सांगतो. तिसरीने प्रस्तावनेच्या दोन पानांची झेरॉक्स आणलेली असते, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्यांत भारदस्त वाटतं. कोणी शेवटचं पान तेवढं वाचलेलं असतं, कोणी गाईडमधली पात्रांची यादी. आपल्यावर पाळी येऊ नये म्हणून आधीच प्रश्न विचारून टाकणारेही असतात: ‘सर, आजच्या काळात या कादंबरीकडे कसं बघावं?’ सरांना प्रश्न आवडतो, पुढची दहा मिनिटं सर बोलतात आणि तास संपतो.

‘बनगरवाडी’ चर्चेला होती तेव्हा तर हे फारच स्पष्ट दिसलं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची, तिच्यावरचा अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा. पुस्तक छोटेखानी आहे, दोन-तीन बैठकांत होणारं. तरी चर्चेत आलं ते बरंचसं सिनेमातलं, आणि उरलेलं मोबाईलवर एआयला विचारून आणलेल्या सारांशातलं. त्यातल्या एका सारांशात कादंबरीत नसलेलंच एक पात्र होतं. मुलाने ते ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं. मराठी पुस्तकांबद्दल विचारलं की ही साधनं पुष्कळदा मनाने रचून सांगतात, हे मी इतर पुस्तकांच्या बाबतीतही पाहिलंय. मला लागलं ते वेगळंच: त्या पात्राला कोणी हरकत घेतली नाही. चर्चा त्याला घेऊनच पुढे गेली.

त्या वर्गात पुस्तक पुरतं वाचलेली एक मुलगी होती. दिव्याहून यायची. लोकलमध्ये उभ्याने वाचून तिने ते संपवलं होतं. पुस्तक परत करताना खिडकीशी थांबून तिने मला विचारलं, ‘मॅडम, तालमीसाठी अख्खं गाव राबलं. आणि मग पाऊसच पडला नाही, माणसं निघून गेली. त्या तालमीचं पुढे काय झालं असेल?’ मला उत्तर देता आलं नाही. धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेला कोवळा मास्तर, त्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली तालीम, आणि दुष्काळात ओस पडत गेलेलं गाव, सगळी कादंबरी तिच्या त्या प्रश्नात होती. घरी जाऊन मी ते पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. चर्चेच्या तासाला मात्र ती एक शब्द बोलली नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, ‘बाकीचे किती मोठं मोठं बोलत होते. माझं अगदीच बारीक होतं.’ सहभागाचे गुण जे बोलले त्यांना मिळाले. तिला मिळाले नाहीत.

न वाचता बोलणाऱ्यांची तुम्हाला काळजी वाटते. मला वाचून गप्प बसणाऱ्यांची जास्त वाटते, आणि या दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत असं माझं म्हणणं आहे. जो वाचतो त्याच्या हाती बारीकसारीक गोष्टी लागतात. एखादा न पटलेला प्रसंग, एखादं न कळलेलं वाक्य, एखाद्या माणसाबद्दल मनात राहून गेलेली शंका. त्यातून लगेच भाषण उभं राहत नाही. बोलता बोलता तो अडखळतो, ‘म्हणजे तसं नाही, पण’ म्हणतो, पान शोधू लागतो. ज्याने वाचलेलंच नाही त्याला अडवायला काही नसतं. ‘लेखकाने ग्रामीण जीवनाचं विदारक चित्रण केलं आहे’, ‘भाषा ओघवती आहे’, ‘पात्रं जिवंत वाटतात’, ‘ही कादंबरी आजही तितकीच समर्पक आहे’. ही वाक्यं कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात, आणि ती न थांबता म्हणता येतात. मग समोर बसलेल्या मुलांना वाटतं की, वाङ्मयाबद्दल बोलायचं ते असंच. वाचलेल्या मुलीला आपलं वाचन कमी प्रतीचं वाटायला लागतं. हे नुकसान मला सगळ्यांत मोठं वाटतं.

ही वाक्यं मुलं शाळेपासून बरोबर आणतात. दहावीच्या कवितेच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन भाग असतात. मुळातला हेतू चांगला आहे, मुलाने कवितेकडे निरनिराळ्या बाजूंनी बघावं. पण क्लासमध्ये त्याचा साचा होतो. ‘कवीने साध्या, सोप्या शब्दांत मोठा आशय मांडला आहे’ हे पाठ करून मुलगा ते कुठल्याही कवितेखाली लिहितो आणि त्याला गुण मिळतात. कविता न वाचता कवितेवर लिहिता येतं, हे आपल्याकडे येईपर्यंत त्याला अनुभवाने पटलेलं असतं. अशा मुलाला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला जे करायला शिकवलं आणि ज्याचे गुण दिले, तेच तो आपल्या वाचनकक्षात करतो.

आता तुमच्या प्रश्नांबद्दल लिहिते, राग मानू नये. ‘कादंबरीतील ग्रामजीवनाचे चित्रण स्पष्ट करा.’ ‘प्रमुख व्यक्तिरेखा उलगडून दाखवा.’ ‘शीर्षकाची समर्पकता सांगा.’ जुन्या प्रश्नपत्रिकांच्या बांधीव फायली आमच्याकडे असतात, त्यांत हेच प्रश्न पुस्तकाचं नाव बदलून येत राहतात. त्यांची उत्तरं गाईडमध्ये तयार असतात. परीक्षेत ते असू देत, त्यावर माझा अधिकार नाही. पण चर्चेलाही तेच विचारले तर वर्गात गाईडच बोलणार. समजा, तुम्ही विचारलंत, ‘तालीम बांधायला गावातलं कोण कोण आलं, आणि कोणाचं येणं तुम्हाला अनपेक्षित वाटलं?’ किंवा, ‘हे गाव आपलं आहे असं मास्तरला कधीपासून वाटायला लागलं? पान काढून दाखवा.’ किंवा नुसतं, ‘वाचताना कुठे कंटाळा आला?’ या शेवटच्या प्रश्नाला मी फार मानते. कंटाळा नेमका कुठे आला हे न वाचलेल्याला सांगताच येत नाही. आणि ज्याने वाचलंय त्याला कळतं की, इथे पुस्तकाबद्दल खरं बोललं तर चालतं, नुसतं कौतुकच करायचं नाही.

यादी का देऊ नये, त्याची कारणंही सांगते. नोंदवहीवरून पुस्तक बाहेर गेल्याचं कळतं, वाचल्याचं कळत नाही. परत आलेल्या प्रती मी चाळते; पेन्सिलीच्या खुणा पहिल्या वीस-पंचवीस पानांत दाट असतात, पुढची पानं कोरी. उलट, ज्याच्या नावावर नोंद नाही त्याने वाचलंच नाही असंही नसतं. कोणी सार्वजनिक ग्रंथालयातून आणतं, कोणाकडे ताईची प्रत असते, दोघी मैत्रिणी मिळून एक विकत घेतात. यादी गुणांना जोडली की काय होईल तेही मला दिसतं आहे. पहिल्याच आठवड्यात सगळ्या प्रती जातील, नावापुढे तारीख पडेल आणि पुस्तक मुदत संपेपर्यंत सॅकमध्ये पडून राहील. ज्याला खरोखर वाचायचंय त्याला ते मिळणार नाही. आज न वाचणारा मुलगा निदान पुस्तक अडवून ठेवत नाही.

आणखी एक कारण माझ्या कामाच्या मुळाशी जातं. कोणी काय नेलं हे वाचक आणि ग्रंथालय यांच्यातलं असतं. आजारावरची, लग्नातल्या त्रासावरची, शरीराबद्दलची, जातिधर्माबद्दलची पुस्तकं हळू आवाजात मागणारी मुलं-मुली माझ्या खिडकीशी येतात. आपली नोंद कोणाच्या तरी टेबलावर जाते असं त्यांना एकदा कळलं की ती यायची बंद होतील, मग ती यादी एका कादंबरीची होती असं मी कितीही सांगितलं तरी. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथ उपयोगासाठी असतात हा पहिला, आणि प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा हा दुसरा. आमची नोंदवही या दुसऱ्या नियमासाठी आहे. पुस्तक परत मिळावं आणि पुढच्या वाचकाला देता यावं, एवढंच तिचं काम.

या दुसऱ्या नियमात आपण सगळेच कमी पडतो आहोत. वर्गात मुलं साठ-सत्तर आणि प्रती आठ, हे आमच्याकडचं नेहमीचं चित्र आहे. पुस्तक सात दिवसांसाठी मिळतं. चर्चा पाचव्या आठवड्यात ठेवली तर आठ प्रती फार तर चाळीस हातांतून फिरतात, आणि तेही एकाही मुलाने परत करायला उशीर केला नाही तर. म्हणजे उरलेल्या मुलांना ग्रंथालयाचं पुस्तक मिळूच शकत नव्हतं, आणि तरी त्यांनी त्यावर बोलावं अशी आपली अपेक्षा होती. प्रती वाढवायच्या तर पुस्तकाचं नाव वेळेवर कळायला हवं. ते बहुधा सत्र सुरू झाल्यावर आमच्याकडे येतं. मग दरपत्रकं, मंजुरी, विक्रेत्याकडून माल येणं, दाखल नोंदवहीत चढवणं, शिक्के, लेबलं. प्रत फडताळात लागते तोवर चर्चा होऊन गेलेली असते.

मुलांचे दिवस कसे जातात तेही तुम्हाला माहीत आहे. टिटवाळा, बदलापूरकडून येणारी आहेत, घोडबंदरच्या कोंडीत बसमध्ये अडकणारी आहेत. लेक्चर संपलं की वागळे इस्टेटला किंवा मॉलमध्ये कामाला पळणारी पुष्कळ. ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बरने अर्धा तास लागतो, बसायला मिळालं तर तेवढ्यात पंधरा-वीस पानं होतात. गर्दीच्या वेळी बसायला मिळत नाही. या सगळ्यातून न वाचण्याला सूट द्यावी असं मी म्हणत नाही, दिव्याची ती मुलगी याच गर्दीतून वाचत आली. पण ज्याचं वाचून झालेलं नाही त्याला ‘सर, माझं वाचून झालेलं नाही’ असं म्हणता आलं पाहिजे. आज त्या वाक्याची किंमत गुणांत मोजावी लागते. मलपृष्ठ वाचून बोललं तर गुण मिळतात आणि खरं सांगितलं तर जातात, अशी व्यवस्था आपणच लावून ठेवली आहे.

चर्चेच्या सुरुवातीला प्रत्येकाने आपण कितव्या पानापर्यंत आलोय ते सांगावं, आणि शून्य म्हटलं तरी गुणांना धक्का लागू नये, असं मला फार मनापासून वाटतं. ज्याचं शून्य आहे त्याने त्या दिवशी ऐकावं, वाचलेल्यांना प्रश्न विचारावेत. ते प्रश्नही चांगले असू शकतात. प्राध्यापकांनीही आपण हे पुस्तक शेवटचं कधी वाचलं ते त्याच वेळी सांगावं. जुन्या टिपणांवर चर्चा चालली आहे हे मुलांना कळतं. ती बोलत नाहीत, एवढंच.

आणि पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचून सुरुवात करा. हे मी होताना पाहिलंय. एकदा सर रजेवर होते, त्यांच्याऐवजी आलेल्या मॅडमनी काही प्रस्तावना न करता ‘बनगरवाडी’तला एक उतारा वाचला आणि पुस्तक मिटून विचारलं, काय ऐकू आलं? सुरुवातीला कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘माझे आजोबा असंच बोलतात.’ त्याचं मूळ गाव आटपाडीच्या बाजूचं. माणदेशातली ती बोली वर्गात त्याच्याइतकी कोणाच्याच कानावर पडलेली नव्हती. पुस्तक त्याने उघडलंही नव्हतं, तरी त्या दिवशी त्याने सांगितलेलं एकूण एक त्याचं स्वतःचं होतं, कारण समोरच्या त्या पानावर तो बोलत होता. तास संपल्यावर तो खिडकीशी आला. प्रत शिल्लक नव्हती. त्याचं नाव राखीव यादीत घालून त्याला पाठवावं लागलं.

ज्यांचा आवाज लहान आहे त्यांच्यासाठी बोलण्याआधी पाच मिनिटं लिहायला द्या. कागदावर पान क्रमांक आणि त्या पानावर आपण का थांबलो त्याच्या दोन ओळी, एवढंच. त्यातल्या काही तुम्ही नाव न घेता वाचून दाखवा आणि चर्चा तिथून पुढे न्या. गुण द्यायचेच असतील तर या दोन ओळींना द्या. तालमीचा तो प्रश्न असा कागदावर आला असता तर सगळा तास त्यावर चालला असता, अशी माझी खात्री आहे. बोलणंही शिकायला हवं, मुलाखतीत तेच कामाला येतं, असं एका प्राध्यापकांनी मला सांगितलं. बरोबर आहे, पण त्यासाठी वक्तृत्व स्पर्धा आहेत, गटचर्चेचे वर्ग आहेत. वाङ्मयाच्या तासाला मधोमध पुस्तक असावं.

आपण हे ठाण्यात बोलतो आहोत, याचंही मला भान आहे. इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३मध्ये सुरू झालं, ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या स्थापनेत होते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहराने १९६०, १९८८ आणि २०१० असं तीनदा भरवलं. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्या फाटकावरही फलक लागला. दर १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचं टेबल मीच मांडते, मुलं पुस्तकं हातात धरून फोटो काढतात. हे सगळं मला प्रिय आहे. म्हणूनच त्याच टेबलाच्या पलीकडे न वाचलेल्या पुस्तकावर टाळ्या पडतात आणि वाचलेली मुलगी खाली मान घालून बसते, ते मला सहन होत नाही.

माझ्याकडून जे होण्यासारखं आहे ते मी करते. पुढच्या सत्राच्या पुस्तकाचं नाव मेअखेर कळवा, वाढीव प्रतींचा प्रस्ताव मी जूनच्या आधी समितीपुढे ठेवते. दोन प्रती वाचनकक्षाबाहेर न जाणाऱ्या ठेवीन, म्हणजे ज्याला घरी नेता आली नाही त्याला इथे बसून वाचता येईल. शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयांत किती प्रती आहेत ते विचारून सूचना फलकावर लावीन. चर्चा आठव्या आठवड्याच्या पुढे न्या, तेवढ्यात आठ प्रतींतूनही जवळजवळ सगळा वर्ग होतो. वाचून दाखवायचं पान आदल्या दिवशी सांगितलंत तर त्याच्या प्रती काढून टेबलावर ठेवते.

यादीची सूचना सत्राआधीच्या बैठकीत पुन्हा येणार आहे. मी तिथे विरोध नोंदवणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना हे पटतं त्यांनी आपापल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीला तसं लेखी कळवावं, म्हणजे देवघेवीच्या खिडकीशी बसणाऱ्या आम्हा लोकांना एकट्याने बोलावं लागणार नाही.

आपली नम्र,
एक ग्रंथालय सहायक, ठाणे